प्रभातचा आवाज

तोरणमाळला शाळेची सहल गेली की मुले यशवंत तलावापाशी घटकाभर रमतात आणि मग सीताखाईकडे धाव घेतात. सातपुड्याच्या माथ्यावरची ती खोल दरी, समोर काळ्या बेसाल्टचे कडे. तिथे उभे राहिल्यावर एकमेकांच्या नावाने हाका मारायचा मोह कुणालाच आवरत नाही. समोरच्या कड्यावर आपटून हाक परत आली की मुले खूश. सोबत विज्ञानाचे शिक्षक असतील तर त्यांना आयता धडा मिळतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक बरोबर एका सेकंदाने परत आली तर ती १७० मीटर जाऊन १७० मीटर परत आली, म्हणजे कडा १७० मीटरवर आहे. मूळ आवाज आणि प्रतिध्वनी वेगवेगळे ऐकू यायला निदान एक दशांश सेकंदाचे अंतर लागते, म्हणून परावर्तक पृष्ठभाग १७ मीटरपेक्षा जवळ असून चालत नाही. पाठ्यपुस्तकात हे सगळे असतेच.

पण अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी भलताच प्रश्न विचारतो. ‘सर, सिनेमातला हीरो दरीच्या काठावर गाणे म्हणतो, तेव्हा त्याच्या गाण्याचा प्रतिध्वनी का येत नाही? वाऱ्याचा आवाज कुठे जातो?’

उत्तर सोपे आहे. तो आवाज त्या दरीतला नसतोच. तो कुठल्या तरी शहरात, बंद खोलीत आधीच मुद्रित झालेला असतो. परंतु हे उत्तर भारतीय बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांना लागू पडत नाही. त्या काळी नट जिथे उभा असेल तिथेच, त्याच क्षणी त्याचे बोलणे आणि गाणे टिपावे लागे. वारा, कावळे, आगगाडी आणि भिंतीवरून परतणारा आवाज यांच्याशी झगडत ज्या मंडळींनी हे काम केले, त्यांत कोल्हापूर-पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे नाव फार वरचे आहे. प्रभातच्या दिग्दर्शकांविषयी आणि नटनट्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे आपण प्रभातकडे आवाजाच्या बाजूने पाहणार आहोत.

कुंचल्यापासून यंत्रापर्यंत

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. भागीदार पाच : व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकार. पडदे रंगवता रंगवता ते बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाले होते. बाबूरावांनी परदेशी कॅमेरा विकत न घेता स्वतःच एक कॅमेरा घडवला, आणि त्या खटपटीत दामले त्यांच्या सोबत होते. १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा मूकपट या परंपरेतला. यंत्र उघडून पाहावे, समजून घ्यावे, नसेल तर बनवावे, ही सवय दामल्यांना तिथे लागली.

पुढे ती सवय कामी आली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. प्रभातने तोवर मूकपटच काढले होते. आता कंपनी चालू ठेवायची तर आवाज शिकणे भाग होते. ध्वनिलेखनाचे काम दामल्यांनी अंगावर घेतले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती; होता तो हात आणि चिकाटी. १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात प्रमुख भूमिकांत होते, आणि संगीतही टेंब्यांचेच होते. चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढला गेला. आवाज मागाहून बदलण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळा करावा लागे.

शांतता आणायची कुठून?

ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रे येतात. खरे पाहता स्टुडिओचे पहिले काम आवाज टिपण्याचे नसून नको असलेला आवाज बाहेर ठेवण्याचे असते. आपला कान मोठा हुशार आहे. वर्गात पंखा फिरत असतो, रस्त्यावरून एसटी जाते, तरी मुलांना शिक्षकांचे बोलणे ऐकू येते, कारण मेंदू हवे ते निवडतो. मायक्रोफोनला मेंदू नसतो. त्याच्यापाशी पोचणारा हवेच्या दाबातला प्रत्येक बदल तो इमानाने पुढे पाठवतो. ही गोष्ट मुलांना पटवायची असेल तर चालू वर्गाचे दोन मिनिटे मोबाइलवर मुद्रण करा आणि नंतर सर्वांना ऐकवा. ‘एवढा गोंगाट होता?’ असा प्रश्न कुणी तरी हमखास विचारतो.

‘आलम आरा’ च्या वेळी स्टुडिओशेजारून रेल्वे जात असल्यामुळे चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले होते. सगळ्याच कंपन्यांची कमीअधिक तीच अडचण होती. शिवाय शत्रू आतही होते. चित्रीकरणाचा कॅमेरा शिलाई यंत्रासारखा घरघरे, म्हणून तो आधी काचेच्या खोपट्यात आणि पुढे जाड आवरणात ठेवू लागले. प्रखर उजेडासाठी वापरले जाणारे आर्क दिवे गुणगुणत, म्हणून त्यांच्या जागी तारेचे दिवे आले. वादकांना गायकाच्या जवळ बसणे भाग होते, पण ते पडद्यावर दिसून चालणार नव्हते. मग तबलजी झुडपामागे, सारंगीवाला खांबाआड, अशी सोय करीत.

मिश्रणाची यंत्रेही तेव्हा फारशी नव्हती. एकाच मायक्रोफोनवर सगळे टिपायचे तर कोण किती लांब बसतो यावरच आवाजाचा तोल अवलंबून राही. इथे भौतिकशास्त्रातला व्यस्त वर्गाचा नियम उपयोगी पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता चौथा हिस्सा होते. म्हणून गायक जवळ, सारंगी त्याच्या मागे आणि तबला आणखी लांब. सतरंजी हातभर पुढे ओढली तरी गाण्याचा तोल बिघडे. आज तज्ज्ञ खटके आणि सरकपट्ट्या हलवून जे करतो, ते तेव्हा माणसे हलवून करावे लागे.

प्रकाशाने लिहिलेला आवाज

आता यंत्राकडे वळू. ग्रामोफोनच्या तबकडीत आवाज खाचेच्या रूपाने कोरलेला असतो. बोलपटात तो फिल्मच्या कडेला, चित्रांच्या शेजारी, एका अरुंद पट्टीत प्रकाशाने लिहिलेला असतो. मायक्रोफोन ध्वनीचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. वर्धकातून मोठा झालेला हा प्रवाह एका नाजूक झडपेला किंवा आरशाला कंप देतो. त्यामुळे सरकत्या फिल्मवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. फिल्म धुतल्यावर त्या पट्टीत काळ्या-पांढऱ्या रेघा, नाहीतर डोंगररांगेसारखी कड उमटलेली दिसते. चित्रपटगृहात हीच क्रिया उलटी होते. दिव्याचा बारीक झोत पट्टीतून पार होऊन प्रकाशविद्युत घटावर पडतो. पट्टीतल्या रेघांप्रमाणे घटातला प्रवाह बदलतो आणि ध्वनिक्षेपकातून पुन्हा आवाज उमटतो. ज्या प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण आइनस्टाइन यांनी १९०५ साली दिले आणि ज्यासाठी त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तोच परिणाम तीसएक वर्षांत खेडोपाडीच्या तंबूंतून तुकोबांचा आवाज ऐकवू लागला!

यात एक सुंदर गणित आहे. मूकपट साधारण सेकंदाला १६ चौकटींनी चाले. बोलपटासाठी हा वेग २४ चौकटी ठरला. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला सुमारे १९ मिलिमीटर लांबी मिळते, म्हणजे सेकंदाला २४ × १९ = ४५६ मिलिमीटर फिल्म सरकते. सेकंदाला १,००० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी हवेत ३४ सेंटिमीटर असते. फिल्मवर मात्र ती ४५६ ÷ १,००० म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. ५,००० कंपनांच्या ध्वनीला ०.०९ मिलिमीटर एवढीच जागा मिळते. प्रकाशाची फट याहून बारीक हवी आणि फिल्मचा दाणाही बारीक हवा, नाहीतर रेघा एकमेकींत मिसळून जातात. वेग जुनाच ठेवला असता तर त्या आणखी दाटल्या असत्या. ‘स’ आणि ‘श’ या व्यंजनांतली बरीचशी ऊर्जा ४,००० कंपनांच्या वर असते. जुन्या बोलपटांत ही अक्षरे बोथट का वाटतात, त्याचे कारण यात सापडते.

दुसरी अडचण वेगळ्याच जातीची. चित्र दिसायला फिल्म दर चौकटीला क्षणभर थांबावी लागते, तर आवाज ऐकू यायला ती एकसारख्या गतीने सरकावी लागते. एकाच जागी दोन्ही होणार कसे? म्हणून प्रक्षेपकात आवाज वाचण्याची जागा चित्राच्या खिडकीपासून दूर ठेवली, आणि आवाज चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापू लागले. २० चौकटी म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर किंवा ०.८३ सेकंद. फिल्मचा तुकडा चुकीच्या जागी जोडला गेला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे अशी गत होई, त्याचे मूळ इथे आहे.

सर्वांत अवघड गोष्ट ही की, मुद्रण कसे झाले ते लगेच ऐकता येत नसे. चुंबकीय फीत पुष्कळ पुढची. प्रकाशाने लिहिलेला आवाज फिल्म धुवून, तिची प्रत छापूनच ऐकता येई. तोवर ध्वनिलेखकाचा भरवसा कानाला लावलेल्या श्रवणयंत्रावर आणि अनुभवावर. शंभर माणसे त्याच्याकडे पाहत असत आणि ‘ठीक आहे’ हे दोन शब्द त्याला तत्काळ, जबाबदारीने म्हणावे लागत. दामल्यांच्या कामाची ही खरी कसोटी होती.

एरंडवण्याची मोठी स्टेज

१९३३ साली प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. एरंडवण्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, तेव्हाच्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, कंपनीने स्वतःचा स्टुडिओ उभा केला. प्रयोगशाळा, रंगशाळा, सुतारकाम, कपडेपट असे सगळे एकाच आवारात. आज त्या भागातून जाणाऱ्या वर्दळीच्या रस्त्याला प्रभात रोड म्हणतात. पण त्या वेळी गावाबाहेरची शांतता हा जागेचा मोठाच गुण होता.

मोठ्या स्टेजमध्ये मात्र नवा प्रश्न उभा राहतो, तो निनादाचा. प्रतिध्वनी आणि निनाद यांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. दूरच्या कड्यावरून एकदाच परत आलेली, सुटी ऐकू येणारी हाक म्हणजे प्रतिध्वनी. बंद जागेत भिंती, छत आणि जमीन यांवरून आवाज इतक्या वेळा आणि इतक्या लवकर परततो की सुटा ऐकू न येता तो मूळ आवाजाला चिकटून रेंगाळतो. हा झाला निनाद. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार गोड वाटतो तो याच्यामुळे, आणि रिकाम्या सभागृहात भाषण कळत नाही तेही याच्यामुळेच.

या विषयाचे गणित अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी बसवले. १८९५ साली एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नाहीत, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. बाहेरचा गोंगाट नको म्हणून तेही रात्रीच काम करीत. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या गाद्या, एवढीच त्यांची सामग्री. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे; गाद्या वाढवत नेल्या तसा हा काळ घटत गेला. त्यातून सूत्र निघाले : निनादकाळ = ०.१६ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण.

आपल्या वर्गालाच हे सूत्र लावून पाहा. ९ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच अशी गिलावा केलेली रिकामी खोली घ्या. घनफळ १८० घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे २०० चौरस मीटर. गिलावा आणि फरशी ध्वनीचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतात, म्हणून शोषण ६. निनादकाळ येतो ०.१६ × १८० ÷ ६, म्हणजे ४.८ सेकंद. आता चाळीस मुले आत बसवा. कपड्यांसह प्रत्येकाचे शोषण ०.४ धरले तर १६ ची भर पडते, एकूण २२ होते आणि निनादकाळ १.३ सेकंदांवर येतो. सुटीच्या दिवशी रिकामा वर्ग घुमतो आणि सोमवारी घुमत नाही, तो का, हे आकडे सांगतात. स्टुडिओत हेच काम जाड पडदे, घोंगड्या, लाकूड आणि भिंतीला लावलेले सच्छिद्र थर करतात. पण सगळाच निनाद मारून टाकला तर गाणे कोरडे, निर्जीव वाटते. किती ठेवायचा आणि किती काढायचा, हा शेवटी कानाचा निर्णय असतो.

तुकाराम आणि कुंकू

हे सगळे साधले की काय होते, ते १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ मध्ये दिसते. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीस मुळात संगीत रंगभूमीवरचे. रंगभूमीवरच्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे, ताना घ्याव्या लागत. मायक्रोफोनसमोर याची गरज उरत नाही. तिथे माणूस शेजारी बसून बोलावे तसा गाऊ शकतो. ‘तुकाराम’ मधले गाणे त्यामुळे मैफलीचे न वाटता घरातले, देवळातले वाटते. यंत्राने गाण्याची रीत कशी बदलली, याचा हा चांगला दाखला आहे. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धाटणीची एक रचना केली होती. ती इतकी अस्सल उतरली की पुष्कळांना ती तुकारामांचीच वाटली. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ‘संत तुकाराम’ चा गौरव झाला. मराठी न समजणाऱ्या परीक्षकांपर्यंत जे पोचले, त्यात आवाजाचा वाटा निश्चितच होता.

त्याच वर्षी आलेल्या शांतारामांच्या ‘कुंकू’ ने आणखी एक धाडस केले. पार्श्वसंगीत जवळजवळ वगळून प्रसंगाच्या जागी जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेच वापरायचे, असे ठरवले गेले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ त्यात जणू एक पात्रच होऊन बसते. विशेष म्हणजे या चित्रपटाचे संगीतही भोळ्यांचेच. ज्यांनी आधी प्रभातच्या वाद्यमेळात पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार आणली, त्यांनीच इथे वाद्यांना गप्प बसवले. शांतता नीट राखता येऊ लागली, तेव्हाच घड्याळाची टिकटिक ऐकवण्याची हिंमत झाली.

दरम्यान कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये १९३५ साली गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवण्याची, म्हणजे पार्श्वगायनाची, पद्धत सुरू झाली होती. हळूहळू ती सगळीकडे पसरली. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असू शकतो म्हटल्यावर गायकाला नट असण्याची आणि नटाला गायक असण्याची गरज संपली. झुडपामागचे तबलजी बाहेर आले, गाण्यासाठी वेगळी दालने निघाली, आणि दरीच्या काठावर प्रतिध्वनीशिवाय गाणारा नायक जन्माला आला. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे पुरे होते.

काय उरले, काय गेले

१९४२ च्या सुमारास शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. १९४५ साली दामले गेले. भागीदारांतले मतभेद आणि बदललेला धंदा यांमुळे १९५३ साली कंपनी बंद झाली. असे स्टुडिओ सहसा गोदामे होतात किंवा त्यांच्या जागी इमारती उठतात. प्रभातचे भाग्य वेगळे. भारत सरकारने ती वास्तू घेतली आणि १९६० साली तिथे चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू झाली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. ध्वनिलेखन हा तिथे पहिल्यापासून महत्त्वाचा विषय राहिला. १९९५ साली तिथून बाहेर पडलेल्या रेसूल पुकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’ च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पारितोषिक मिळाले. दामल्यांनी जिथे यंत्राशी झटापट करून विद्या मिळवली, तिथेच ती रीतसर शिकवली जाऊ लागली. यापेक्षा चांगला वारसा कोणता?

परंतु वारशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रभातच्या काळातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा जवळचा नातलग. तो सहज पेट घेतो, आणि रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही. न जळता नुसता पडून राहिला तरी काही दशकांत चिकट होऊन त्याची भुकटी होते. त्याच्या जागी पुढे ॲसिटेटची सुरक्षित फिल्म आली. पण दमट उष्ण हवेत तीही व्हिनेगरचा वास सोडत कुजते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात याच आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली. जुन्या चित्रपटांची हजारो रिळे काही वेळात नष्ट झाली, आणि त्यांत प्रभातचीही होती. ‘संत तुकाराम’ सारखे चित्रपट इतर प्रतींच्या रूपाने शिल्लक आहेत, म्हणून आपण ते पाहू शकतो. पण प्रतीच्या प्रतीत दर वेळी थोडा आवाज गळतो आणि थोडी खरखर वाढते. मूळ निगेटिव्हवरच्या ०.०९ मिलिमीटरच्या रेघा एकदा जळाल्या की पुन्हा मिळत नाहीत.

आवाज टिपणे ही अर्धी विद्या, आणि टिपलेला आवाज सांभाळणे ही उरलेली अर्धी, असे या इतिहासाकडे पाहिल्यावर म्हणावेसे वाटते. पहिल्या अर्ध्यात आपली माणसे जगाच्या बरोबरीने उभी राहिली. दुसऱ्यात आपण कमी पडलो.

पुन्हा सीताखाईपाशी

तोरणमाळच्या सहलीचे एक काम अजून बाकी आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या या डोंगरांत पावरी आणि भिली बोलणारी माणसे राहतात. होळीची गाणी, लग्नाची गाणी, ढोलाचे वेगवेगळे ठेके, रात्ररात्र सांगितल्या जाणाऱ्या कथा त्यांच्यापाशी आहेत. यातले बरेचसे कुठल्याही स्टुडिओत गेलेले नाही. ते गळ्यात आहे, आणि गळा नायट्रेटपेक्षाही नाशवंत.

दामल्यांकडे नव्हते असे साधन आज शिक्षकाच्या खिशात असते. मोबाइलवर मुद्रण करायला फिल्म धुवावी लागत नाही, ऐकायला थांबावे लागत नाही. पण प्रभातचे धडे त्यालाही लागू पडतात. पंखा बंद करा. गाणाऱ्या आजीच्या जवळ बसा, कारण अंतर निम्मे केले की तीव्रता चौपट होते. रिकाम्या पत्र्याच्या खोलीपेक्षा घोंगड्या-गोधड्या असलेले घर, किंवा भिंतीपासून दूरची झाडाखालची जागा निवडा. वारा असेल तर मोबाइलवर पातळ फडके धरा. गाण्याआधी गाव, तारीख, गाणे कोणत्या प्रसंगाचे आहे हे बोलून ठेवा, आणि मुद्रणाला तसेच ते जपून ठेवायला गाणाऱ्याची परवानगी घ्या. मग दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा; शाळेतल्या संगणकावर एक, दुसऱ्या गावी एक. एकच प्रत म्हणजे एकच कोठी, आणि कोठीला आग लागते हे आपण पाहिले आहे.

मुलांना कड्यावरून हाका मारू द्याव्यात; प्रतिध्वनीचे गणित त्यातूनच कळते. मात्र दरीने परत केलेली हाक क्षणात विरते. घरी गेल्यावर आजीकडून एक गाणे टिपून आणायला सांगितले, तर त्यातले काही पुढच्या पिढीलाही ऐकू येईल.